संगणकाच्या पदव्या आणि आपली मुले

(विहाराच्या वर्धापनदिनी विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नव्हे. दर वर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की आम्ही पाच जण संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत टेबल टाकून बसतो व मुलांचे प्रवेशाचे अर्ज भरून देतो. आमच्यात एक जण पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले आहेत, एक बँकेत आहेत, दोघे संगणकाच्या नोकरीत आहेत आणि एक नुसतेच बाप आहेत. समितीने यंदा सांगितले, "टेबलावर जे सांगता तेच एकदा सगळ्यांसमोर सांगा." म्हणून उभे राहिलो आहोत.

आमच्या टेबलावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पोराला कॉम्प्युटर करायचंय. कुठं घालू?" आम्ही विचारतो, "कॉम्प्युटर म्हणजे नेमकं कोणतं?" मग बाप पोराकडे बघतो आणि पोरगा खाली मोबाईलमध्ये बघतो. हसू नका. आम्हीही त्याच बाकावर बसून आलो आहोत. कॉम्प्युटर ही एकच पदवी नाही. त्यात शिरायला एकच दरवाजाही नाही. आणि इतके दरवाजे उघडे असताना आपली मुले बाहेर राहतात, ती बहुतेक वेळा मार्कांमुळे राहत नाहीत. ती कशामुळे राहतात, हेच आज सांगायचे आहे.

कॉम्प्युटर म्हणजे काय काय

आपल्या आया-बहिणी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना मोबाईलवरून वीस रुपये देतात. २०१६ साली यू.पी.आय. सुरू झाले तेव्हापासून हे आपल्या अंगवळणी पडले. "टिंग" वाजते आणि पैसे पोचतात. त्या एका "टिंग"मागे कोण कोण आहे ते पाहू.

मोबाईलच्या पोटात जी चिप आहे ती इलेक्ट्रॉनिक्स व कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची माणसे बनवतात. पडद्यावर जे ॲप दिसते ते प्रोग्रामरने लिहिले, मग तो बी.ई. असेल, बी.एस्सी. असेल नाहीतर बी.सी.ए. असेल. तुमच्या बँकेपासून मावशींच्या बँकेपर्यंत निरोप नेणारे जाळे व ते बंद पडू नये म्हणून रात्रपाळी करणारा माणूस आय.टी.चा. कुणी चोराने मध्येच हात घालू नये म्हणून बसलेला तो सायबर सिक्युरिटीवाला. आणि "या खात्यातून नेहमी वीस-तीस रुपये जातात, आज रात्री दोन वाजता चाळीस हजार का चालले?" अशी शंका यंत्राला घ्यायला शिकवतो तो डेटा सायन्सवाला. काम एकच, माणसे पाच प्रकारची.

जगातल्या संगणकतज्ज्ञांच्या संघटनांनी २००५ साली या शिक्षणाचे पाच भाग पाडले होते. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी व इन्फर्मेशन सिस्टिम्स, असे ते पाच. परदेशात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हटले की त्यात यंत्राचा, म्हणजे हार्डवेअरचा भाग मोठा असतो. आपल्याकडे तसे नाही. आपल्या विद्यापीठांत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलाला बहुतांश कॉम्प्युटर सायन्सच शिकवतात. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क हे विषय कॉम्प्युटर, आय.टी. आणि नव्या ए.आय. शाखेतही येतात. म्हणून "कॉम्प्युटर मिळालं नाही, आय.टी. मिळालं" म्हणून घरात सुतक धरू नये.

पाच दरवाजे

आता दरवाजे सांगतो. पालकांनी हे लिहून घ्यावे.

पहिला दरवाजा दहावीनंतरचा, डिप्लोमा. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षांचा कॉम्प्युटर किंवा आय.टी.चा डिप्लोमा असतो. याला प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर प्रवेश होतो व पात्रता फक्त ३५ टक्के आहे. शासकीय पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर हवे असेल तर मात्र गुण बरेच लागतात. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. हिशेब करा. अकरावी-बारावी दोन आणि इंजिनिअरिंग चार, झाली सहा वर्षे. डिप्लोमा तीन आणि इंजिनिअरिंग तीन, तीही सहाच. फरक एवढाच की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षी एक सर्टिफिकेट पडलेले असते. उद्या घरावर वेळ आली तर तो नोकरी धरू शकतो. ज्यांच्या घरात एकच कमावते माणूस आहे त्यांनी या दरवाजाचा आधी विचार करावा.

दुसरा दरवाजा बारावी सायन्सनंतरचा, बी.ई. किंवा बी.टेक. दोन्ही चार वर्षांच्या, दोन्हींची किंमत सारखी. बारावीला फिजिक्स व गणित घेतलेले हवे आणि पात्रतेच्या विषयांत राखीव प्रवर्गाला ४० टक्के, खुल्याला ४५ टक्के हवेत. राज्यातल्या कॉलेजांसाठी एम.एच.टी.-सी.ई.टी. द्यावी लागते. त्यात १५० प्रश्न असतात, २०० गुण असतात. गणिताच्या एका प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एक. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात. अकरावी "रेस्ट इयर" समजणारी मुले इथेच मार खातात.

आय.आय.टी., नागपूरची व्ही.एन.आय.टी., पुणे व नागपूरच्या आय.आय.आय.टी. यांच्यासाठी जे.ई.ई. द्यावी लागते. त्यातली जे.ई.ई. मेन मराठीतूनही देता येते. तिथे अनुसूचित जातीला १५ टक्के जागा आहेत आणि आय.आय.टी. व एन.आय.टी. मध्ये आपल्या मुलांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. "आय.आय.टी. आपल्याला परवडायची नाही" हे वाक्य आम्ही दर वर्षी ऐकतो. मित्रहो, गावाबाहेरच्या एखाद्या खासगी कॉलेजपेक्षा ती स्वस्त पडते. मार्क मिळवणे अवघड आहे, पैसे भरणे नव्हे.

तिसरा दरवाजा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बी.एस्सी. आय.टी. पदवी तीन वर्षांची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार चौथे वर्ष केले तर ऑनर्स. इथे बारावीला गणित हवे. इंजिनिअरिंगपेक्षा फी कमी, कॉलेज घराजवळचे. पुढे एम.एस्सी. किंवा एम.सी.ए. करता येते. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी.वाल्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो, पण डिप्लोमावाल्यांचे प्रवेश होऊन जागा उरली तर.

चौथा दरवाजा बी.सी.ए. यात आर्ट्स-कॉमर्सची मुलेही जातात. २०२४-२५ पासून बी.सी.ए. हा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला आणि आपल्या राज्यात त्याची वेगळी सी.ई.टी. सुरू झाली. पहिल्या वर्षी कितीतरी मुलांना ही सी.ई.टी. आहे हेच ठाऊक नव्हते. कॉमर्सच्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी हे नीट ध्यानात ठेवावे. बी.सी.ए. नंतर एम.सी.ए. आता दोन वर्षांचेच आहे, पूर्वी तीन होते. तीन आणि दोन पाच वर्षांत मूल संगणकातला पदव्युत्तर होते.

पाचवा दरवाजा नोकरी करत शिकणाऱ्यांचा. इग्नूचा बी.सी.ए. कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्याला करता येतो. आणि २०२० साली मद्रासच्या आय.आय.टी.ने डेटा सायन्सची पदवी ऑनलाइन सुरू केली. तिला जे.ई.ई. लागत नाही. आधी चार आठवडे शिकवतात, मग पात्रता परीक्षा घेतात, उत्तीर्ण झाला की प्रवेश. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. मध्येच थांबावे लागले तर त्या त्या टप्प्याचे प्रमाणपत्र मिळते. आपल्या मुलांना शुल्कात सवलतही आहे. दिवसा डिलिव्हरीचे काम करणारी पोरे आपल्या वस्तीत कमी नाहीत. त्यांच्यासाठी हे आम्ही मुद्दाम सांगतो. एवढेच की घरी बसून शिकायला फार नेट लागतो. गणित कच्चे असेल तर आधी ते पक्के करावे.

आमच्यातल्या एका बापाची गोष्ट

आमच्यात एक जण "नुसतेच बाप" आहेत असे सुरुवातीला म्हणालो. त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो.

मुलगा हुशार. सी.ई.टी.ला चांगले गुण पडले आणि पहिल्याच फेरीत एका चांगल्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा लागली. घरात पेढे वाटले. कॉलेजात गेले तर पहिला प्रश्न, "कास्ट व्हॅलिडिटी कुठे आहे?" बापाने जातीचा दाखला पुढे केला. क्लार्क म्हणाला, "हा दाखला झाला. व्हॅलिडिटी वेगळी." बापाला तोपर्यंत वाटत होते की दोन्ही एकच.

अर्ज तर बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर कुणीतरी सांगितले म्हणून टाकला होता. समितीने त्रुटी काढली होती, आजोबांचा पुरावा आणा. आता आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर शाळेचा दाखला आणायचा कुठून? बाप गावी गेला. शाळेत गेला, तलाठ्याकडे गेला, तहसीलला गेला. अखेर जुन्या कोतवाल बुकात आजोबांच्या बहिणीच्या जन्माची नोंद सापडली, जातीसकट. त्याची नक्कल हातात पडेपर्यंत कॉलेजने दिलेली तारीख उलटून गेली होती. जागा गेली.

मग एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "मॅनेजमेंटची सीट करून देतो, अमुक इतके टेबलाखालून द्या." बाप पतपेढीत कर्जाचा फॉर्म आणायला निघाला होता. वहिनींनी अडवले. "घरातलं सगळं विकून एक वर्षाची फी होईल. बाकीची तीन वर्षं काय विकायचं?" एवढेच त्या बोलल्या. मुलाने जवळच्या कॉलेजात बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला नाव घातले. वर्षभर तो बापाशी नीट बोलला नाही. बापही त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. एका घरात राहून दोघे जेवायला वेगवेगळ्या वेळी बसत.

पुढे मुलाने बी.एस्सी. चांगली केली. दरम्यान व्हॅलिडिटी आली होती. एम.सी.ए.ची सी.ई.टी. दिली, राखीव जागेवर सरकारी शुल्कसवलतीत प्रवेश मिळाला. आज नोकरीत आहे, ठीक चालले आहे. पहिल्या पगारातून त्याने बापाला घड्याळ आणले. पण बाप आजही म्हणतात, "ती सीट माझ्या पोराची होती. मी हरवली." म्हणून ते दर जूनमध्ये आमच्या टेबलावर येऊन बसतात आणि फक्त एकच काम करतात. प्रत्येकाला विचारतात, "व्हॅलिडिटी टाकली का?"

बाबासाहेबांचे शिक्षण आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण एक गोष्ट आपण सांगत नाही. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. वाट मध्येच तुटली म्हणून शिक्षण संपत नाही. परंतु जी वाट आपल्या हलगर्जीपणाने तुटते तिचे दुःख वेगळे असते. ते टाळता येते.

कागद आधी, कॉलेज मागून

म्हणून कागदांचे ऐका. हा भाग कंटाळवाणा आहे, पण सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

एक. मूल अकरावी सायन्सला गेले की त्याच वर्षी कॉलेजमार्फत जात पडताळणीचा अर्ज करा. बारावीची वाट पाहू नका. इंजिनिअरिंगच्या पदवीला राखीव जागेवर हे प्रमाणपत्र लागतेच.

दोन. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या तारखेला किंवा त्याआधी आपले घराणे कुठे राहत होते व जात कोणती नोंदली होती, याचा पुरावा द्यावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद, जमिनीचे जुने कागद, नोकरीचे सेवापुस्तक, यांतले जे सापडेल ते जपून ठेवा. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर काम पुष्कळ सोपे होते. तेव्हा भाऊबंदकीचे भांडण असले तरी चुलत्याकडे जा आणि त्याची प्रत मागा. मुलाच्या शिक्षणापुढे बांधाचे भांडण मोठे नाही.

तीन. नावे तपासा. आजोबांच्या कागदावर एक आडनाव, वडिलांच्या कागदावर गावाचे आडनाव आणि मुलाच्या दाखल्यात तिसरेच, असे आपल्या घराघरांत आहे. ते सुधारायला वेळ लागतो. आठवी-नववीतच सुरुवात करा.

चार. जे.ई.ई. आणि केंद्राच्या संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदा-दुरुस्तीने मिळाल्या, पण कागद त्या नमुन्यातच असावा लागतो.

पाच. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि मुलाच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते. खाते जोडलेले नसेल तर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही अडकते.

पैशाचे कसे

आता फीचे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आपण सगळे ऐकून आहोत. अनुसूचित जातींसाठी ती १९४४ साली सुरू झाली, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. म्हणजे ही काही कुणाची कृपा नव्हे. ती मिळवून ठेवलेली आहे, घ्यायची आपण आहे.

पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असेल तर ही शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर राज्याची फ्रीशिप आहे, तिच्यात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते. म्हणजे आई-वडील दोघे कामाला आहेत म्हणून "आपल्याला काही मिळत नाही" असे समजू नका. दोन्हींचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दर वर्षी भरावे लागतात. पहिल्या वर्षी भरला म्हणजे चारही वर्षांचे झाले, असे नाही.

पण एक अट आहे आणि ती मनात कोरून ठेवा. इंजिनिअरिंग, बी.सी.ए., एम.सी.ए. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, म्हणजे कॅपमधून झालेला असला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की शिष्यवृत्ती नाही, फ्रीशिप नाही. एजंट हे सांगत नाही. शिवाय ठरलेल्या फीच्या वर डोनेशन घेणे हा आपल्या राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या पैशाची पावती मिळत नाही ती त्यामुळेच.

दुसरे असे की शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातली कॉलेजच्या फीची रक्कम कॉलेजला भरायची असते. खात्यात पैसे दिसले म्हणून कुणी मोबाईल घेतला, कुणी बहिणीच्या लग्नाला लावले. मग शेवटच्या वर्षी कॉलेजने निकाल अडवला. अशी दोन प्रकरणे आम्ही स्वतः निस्तरली आहेत. ते पैसे आपल्या हातातून जातात, आपले नसतात.

परगावी प्रवेश मिळाला आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणे व शिक्षणसाहित्यासाठी रक्कम खात्यात मिळते. उत्पन्नाची अट इथेही २.५ लाखांची आहे आणि ज्या शहरात कॉलेज तिथलेच तुम्ही रहिवासी असाल तर ती मिळत नाही.

कॅपचा फॉर्म भरताना पर्यायांचा क्रम विचार करून लावा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचे कॉलेज लागले तर तेच घ्यावे लागते, मग "बघू पुढच्या फेरीत" चालत नाही. म्हणून पहिल्या नंबरवर तेच लिहा जिथे खरोखर जायचे आहे. हे काम सायबर कॅफेवाल्यावर सोपवू नका. पासवर्ड स्वतःजवळ ठेवा.

मूल कोणते, मार्क किती आणि आता यंत्रच लिहिते त्याचे काय

दरवाजे सांगितले, पण आत कुणी जावे? सगळ्यांनी जावे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला गणितात एखादे उत्तर का आले हे विचारायला आवडते, चूक सापडेपर्यंत जो उठत नाही, त्याने जावे. शेजारच्याचा मुलगा गेला म्हणून घातलेली मुले दुसऱ्या वर्षी विषय मागे ठेवून बसलेली आम्ही पाहिली आहेत. त्यांतला एक आज उत्तम वायरमन आहे आणि सुखी आहे. आधी विचारले असते तर त्याची दोन वर्षे वाचली असती.

मराठी माध्यमाच्या मुलांना पहिल्या सहा महिन्यांत इंग्रजीची धडकी भरते. ती बुद्धी कमी असल्याची खूण नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पहिल्या वर्षांची पुस्तके मराठीत आणली आहेत. पिंपरी-चिंचवडच्या एका अभियांत्रिकी कॉलेजने २०२१-२२ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून शिकवायला सुरुवात केली. विषय मराठीत समजून घ्यावा आणि शब्द इंग्रजीत पाठ करावेत, दोन्ही करावे लागेल. आय.आय.टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने एन.पी.टी.ई.एल.वर फुकट ऐकता येतात. अभ्यासिकेत दोन जुने संगणक आहेत. सी किंवा पायथॉन शिकायला तेवढे पुरतात, महाग लॅपटॉपचा हट्ट पहिल्या वर्षी नको.

आता शेवटचा प्रश्न. २०२२ च्या अखेरीस चॅट-जी.पी.टी. आले आणि तेव्हापासून पालक विचारतात, "आता मशीनच प्रोग्राम लिहितं म्हणे, मग पोराला कशाला घालायचं?" प्रश्न बरोबर आहे. नुसता प्रोग्राम टाइप करणाऱ्याचे काम घटणार, हे आमच्यातले नोकरीतले दोघेही मान्य करतात. नव्या मुलांना पहिली नोकरी पूर्वीइतकी सहज लागत नाही, हेही खरे. पण यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे कोण सांगणार? भाजीवाल्या मावशींचे वीस रुपये मध्येच अडकले तर ते कुठे अडकले हे कोण शोधणार? ज्याचा पाया पक्का तोच. म्हणून कॉलेज निवडताना शाखेचे नवे भपकेबाज नाव बघू नका. शिकवणारे कायम आहेत का, लॅब चालू आहे का, मागच्या वर्षीची मुले काय सांगतात, हे विचारा. फलकावर लावलेले पॅकेजचे आकडे एकदोघांचे असतात. उरलेल्यांना काय मिळाले ते विचारा.

मित्रहो, बाबासाहेबांनी दिलेला पहिला शब्द "शिका" हा आहे. आमच्या टेबलाचे सारे काम त्या एका शब्दाचे आहे. दहावीचा निकाल कमी लागला तर डिप्लोमा आहे, सी.ई.टी. बिघडली तर बी.एस्सी. आहे, गणित नाही तर इग्नूचा बी.सी.ए. आहे, नोकरी धरावी लागली तरी वाट आहे. मार्क चुकले तर दुसरा दरवाजा सापडतो. कागद चुकला तर उघडा दरवाजाही तोंडावर बंद होतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा. पत्र्याची पेटी उघडा, आजोबांचे कागद बाहेर काढा, काय आहे आणि काय नाही ते बघा. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता ते घेऊन अभ्यासिकेत या. चहा आमचा. आणि ते नुसतेच बाप असलेले गृहस्थ दारातच बसलेले असतील. ते विचारतील, "व्हॅलिडिटी टाकली का?" त्यांना "हो" म्हणता आले पाहिजे, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.

जयभीम!